पाण्यात न उतरलेलं घड्याळ

सोलापुरातला उन्हाळा दारांवरून ओळखावा. सकाळचा चहा-पोहे आटोपले की गल्लीतलं एकेक दार आतून ओढलं जातं, खिडक्यांवर जुन्या चादरी चढतात आणि भर दुपारी घराघरांत संध्याकाळ होते. बाहेर डांबर मऊ पडलेलं असतं. आत कूलरच्या वाळ्याचा ओला वास, माठाभोवती गुंडाळलेलं फडकं, आणि कुणीतरी कुणाला तरी विचारत असतं की पाणी उद्या येणार का परवा.

यंदाही दारं ओढली गेली आणि त्या अंधारात मला पुन्हा ते हिरवं दिसलं. घड्याळाच्या काट्यांवर लावलेला चमकता रंग. आप्पा, म्हणजे माझे वडील, कॉटवर आडवे पडले होते आणि त्यांचं डावं मनगट पोटावर होतं, श्वासाबरोबर खालीवर होत. ते पाहिलं की मला दोन वर्षांपूर्वीचा उन्हाळा आठवतो. खरं तर आठवतो म्हणणं चूक आहे, कारण तो कधी गेलाच नाही, दर वर्षी चैत्रात कडुलिंबाला बारीक पांढरी फुलं आली की तो घरात येऊन आपल्या जागेवर बसतो.

घड्याळ तसं माझं आहे. निदान घेतलं तरी मी. मी शाळेत भूगोल शिकवते, आणि आयुष्यभर नाजूक, सोनेरी, काडीएवढ्या पट्ट्याची घड्याळं वापरून कंटाळले होते. त्यांचा सेल नेमका परीक्षेच्या दिवशी संपायचा. मग एकदा दुकानात हे दिसलं. पाणबुड्यांनी वापरायचं घड्याळ, पण परवडेल असं. कुणी श्रीमंत माणूस ते हातात घालून मिरवणार नाही. काळी तबकडी, जाड काच, रबरी पट्टा, काचेभोवती फिरणारं दातेरी कडं. पाण्याखाली दोनशे मीटरपर्यंत चालतं म्हणे. समुद्र इथून दिवसभराच्या प्रवासावर, आणि मला पोहता येत नाही. तरी घेतलं. शिक्षकखोलीत सगळ्या बायकांनी ते हातात घेऊन वजन करून पाहिलं आणि बाईच्या हातात हे वरवंट्यासारखं काय, असं विचारलं.

आप्पांनी ते उलटंपालटं करून पाहिलं होतं. दोनशे मीटरचं सांगितल्यावर त्यांनी ते परत माझ्या हातात दिलं. मग म्हणाले, "रेखे, हितं पानी तीन-चार दिसानी येतंय. दोनशे मीटर कुटनं आननार हायस?"

आईला मात्र ते आवडलं होतं. तिनं लगेच त्याचं नाव पाण्याचं घड्याळ ठेवलं. पाण्याच्या दिवशी नळ किती वेळ चालला ते मोजायला तिला ते फिरणारं कडं सोयीचं वाटायचं. नळाला धार आली की कड्याची खूण मोठ्या काट्यावर आणायची, मग किती मिनिटं झाली ते नुसतं वाचायचं. कुकर, पापडाचं पीठ, माझ्या शाळेतल्या पोरांचे तासभराचे पेपर, सगळं त्या कड्यावर चालायचं. पाणबुड्याला आमच्या घरची कामं बघून चक्कर आली असती.

ते कडं एकाच बाजूला फिरतं. उलटं फिरवू म्हटलं तरी फिरत नाही. मी घड्याळवाल्याला कारण विचारलं होतं. पाण्याखाली चुकून धक्का लागला तर पाठीवरच्या टाकीतली हवा आहे त्यापेक्षा कमी उरली असंच घड्याळानं दाखवावं, जास्त उरली असं कधी दाखवू नये, म्हणून. हे मला फार पटलं होतं. चुकायचंच झालं तर सावधपणाकडे चुकायचं. मला स्वतःला असंच जगता येतं अशी माझी समजूत होती.

आणि दुसरी गोष्ट, त्याला सेल नाही, किल्लीही नाही. आत एक अर्धगोल पत्रा आहे, हात हलला की तो फिरतो आणि त्यावरच घड्याळ चालतं. कानाशी धरून हलवलं तर सुपात ज्वारी घोळवल्यासारखा बारीक आवाज येतो. हातात घालून वावरा, ते चालेल. काढून ठेवा, एक-दोन दिवसांत बंद पडेल.

आप्पा एसटीत ड्रायव्हर होते. बार्शीची गाडी, कधी मैंदर्गी, कधी नातेपुत्याचा मुक्काम. मैंदर्गी आईचं माहेर, म्हणून ती गाडी ते जरा जास्तच मन लावून चालवत असं आमच्या घरात मानलं जातं. ड्रायव्हरचा उजवा हात स्टिअरिंगवर असतो, पण गाडी डाव्या हाताची असते, असं ते म्हणायचे. गिअर डाव्या हातात. चढ कुठं सुरू होतो हे डोळ्याआधी डाव्या हाताला कळायचं. निवृत्त झाल्यावरही बसल्या बसल्या त्यांचा तो हात मांडीवर किंचित पुढेमागे होत असे आणि आम्ही हसायचो.

त्या वर्षी फाल्गुनात त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि नेमका तोच हात गेला. पाय हळूहळू सावरला, बोलणं थोडं जड होऊन परत आलं, पण डावा हात मांडीवर ठेवला की ठेवल्या जागीच राहायचा. दवाखान्यातून घरी आलो तेव्हा उन्हाळा लागलेला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं की हात परत येऊ शकतो, पण पहिले काही महिने महत्त्वाचे, तो सतत हलवत राहायला हवा. म्हणजे वेळ होता, पण फार नव्हता.

आणि आप्पा हात हलवायला तयार नव्हते. व्यायाम शिकवायला एक मुलगी यायची, चांगली होती बिचारी. टेबलावर नॅपकिन ठेवून त्यावर हात पुढेमागे सरकवायला सांगायची. आप्पा तिच्यासमोर दोनदा सरकवायचे आणि ती गेली की भिंतीकडे तोंड करून पडायचे. मी चिडायचे, समजवायचे, पुन्हा चिडायचे. एकदा त्यांनी मला शांतपणे सांगितलं की त्यांना टेबल पुसायची नोकरी नको आहे.

घड्याळ त्यांच्या हातात घालायची कल्पना माझी. आयुष्यभर ते वेळेवर गाडी काढणारे. बंद घड्याळ हातात घालणं त्यांना कसं सहन होईल, असा माझा हिशेब होता. मी रबरी पट्टा त्यांच्या मनगटाला बांधला आणि सांगितलं की हे हातावर चालतं, तुम्ही हलवलंत तर चालेल, नाही तर सकाळपर्यंत बंद. त्यांनी काट्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. सकाळी ते बंद होतं. मी हलवून सुरू करून दिलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा बंद. आप्पा रोज उठल्याबरोबर त्याच्याकडे पाहायचे. आपण हे काय करून बसलो असं मला वाटायला लागलं. बंद घड्याळ म्हणजे त्यांच्याच हातावर रोज सकाळी लिहिलेला निकाल झाला होता.

मार्ग आईनं काढला, आणि तो कुठल्या पुस्तकात सापडणार नाही. बार्शीकडून नवी ज्वारी आली होती. तिनं एका पत्र्याच्या डब्यात ती गळ्यापर्यंत भरली, मधोमध लाटणं रोवलं आणि डबा आप्पांच्या खुर्चीच्या डाव्या बाजूला आणून ठेवला. मग समोर पाटावर बसली, हातात ताटली आणि पळी घेतली. आप्पांनी विचारलं हे काय. ती म्हणाली, बार्शीची गाडी लागली आहे, माणसं बसली आहेत, ड्रायव्हरचा पत्ता नाही.

आणि पळीनं ताटलीवर दोनदा वाजवलं. डबल बेल.

एसटीत एक घंटा झाली की गाडी थांबते आणि दोन झाल्या की निघते. तीसेक वर्षं त्या दोन घंटांवर या माणसाचा पाय आणि हात आपोआप हलले होते. आप्पा हसले नाहीत. त्यांनी उजव्या हातानं डावा हात उचलला, लाटण्यावर ठेवला, बोटं एकेक करून त्याच्याभोवती वळवली आणि जोर लावला. ज्वारीत लाटणं इकडचं तिकडं होणं सोपं नसतं, दाणे धरून ठेवतात. ते केसभर हललं. "पयला गिअर पडला," आप्पा म्हणाले.

तो सगळा उन्हाळा आमच्या बंद खोलीतून बार्शीची गाडी जात राहिली. आई कंडक्टर. वाटेतलं वैराग गाव आलं की ती एक घंटा द्यायची, काल्पनिक म्हाताऱ्यांना हात देऊन उतरवायची, बकरी घेऊन चढणाऱ्याशी भांडायची. आप्पा घामाघूम होऊन लाटणं ओढत असायचे. चढावर गिअर बदलायला उशीर झाला तर स्वतःवरच चिडायचे. निघताना ते उजव्या हातानं घड्याळाचं कडं फिरवून गाडी सुटल्याची वेळ लावून घ्यायचे. मी सुट्टीवर, एका कोपऱ्यात पेपर तपासत बसलेली, या गाडीतली एकुलती एक फुकटी प्रवासी.

तरीही घड्याळ सकाळी बंदच असायचं. हात हलत होता, पण त्या पत्र्याला पुरेल इतका नाही. त्या दिवशीची पहिली गाडी उशिरा सुटायची.

मग एका सकाळी ते चालू होतं. आप्पांनी ते कानाशी नेलं, मला हाक मारली, मग शेजारच्यांना दाखवलं. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवण्याचा त्यांनी प्रयत्नही केला नाही. आई चहा गाळत होती, ती म्हणाली चला, बरं झालं, आणि पुन्हा गाळायला लागली. त्यानंतर ते रोज चालू राहिलं.

याच सुमारास आमच्या घरी भाकऱ्या फार व्हायला लागल्या. आम्ही तीन माणसं, त्यात आप्पांची भूक निम्मी झालेली, आणि दुरडीत भाकऱ्यांची ही उतरंड. उरलेल्या आई पातळ थापून कडक करायला लागली. कडक भाकऱ्यांनी डबे भरले, शेजारी भरले, व्यायाम शिकवणाऱ्या मुलीला शेंगाचटणीबरोबर बांधून दिल्या, माझ्या शाळेत गेल्या. आप्पा जेवताना दुरडीकडं बघून रोज विचारायचे, "आज कोन येनार हाय?" आणि आई म्हणायची, कुणी आलं तर असाव्यात.

एका दुपारी आप्पा झोपले होते. त्यांच्या मनगटाला रबराखाली घामोळं येतं म्हणून ते झोपताना आई घड्याळ काढून ठेवायची, हे मला माहीत होतं. पाणी प्यायला मी स्वयंपाकघरात गेले. आई परातीसमोर बसून भाकरी थापत होती आणि तिच्या हातात, बांगड्यांच्या वर, ते घड्याळ होतं. भाकरी थापणारा हात तुम्ही पाहिला असेल तर सांगायला नको. गोल गोल, धपधप, न थांबता. आतला पत्रा गरगर फिरत असणार. तिच्या मनगटाला संधिवात होता, दोन भाकऱ्या झाल्या की ती हात झटकायची आणि पुन्हा थापायला लागायची. घड्याळाच्या कड्याच्या खाचांमध्ये पीठ बसलेलं होतं.

माझ्याकडं बघून तिनं पिठाचं बोट ओठांवर ठेवलं. "सुम्निरु," ती म्हणाली. गप्प राहा. मैंदर्गीचं कानडी माहेर तिच्या तोंडून अशाच वेळी बाहेर येतं.

मी गप्प राहिले. पण त्या कड्याचा विचार मनातून जाईना. ते बनवणाऱ्यांनी किती काळजी घेतली होती, की हे घड्याळ माणसाला खोटी आशा लावणार नाही. आणि आईनं पिठाच्या दोन हातांनी ते सगळं उलटं फिरवून टाकलं होतं. आप्पांच्या हातात आहे त्यापेक्षा जास्त बळ ते रोज दाखवत होतं. हे बरोबर की चूक ते मला तेव्हा ठरवता आलं नाही. खोट्या निकालावर आप्पा ज्या उत्साहानं गाडी काढत होते तो उत्साह मात्र खरा होता. जांभळं बाजारात आली तोवर लाटणं ज्वारीत बऱ्यापैकी फिरायला लागलं, बोटं पेला धरायला लागली. शाळा सुरू होताना भाकऱ्या पुन्हा मोजक्या झाल्या. घड्याळ तरीही चालू राहिलं. आता ते खरोखर आप्पांच्याच हातावर चालत होतं.

मला काही ते परत मिळालं नाही. मी दोन-तीनदा सुचवलं, तर आप्पा म्हणायचे, "दीन की तुला." मी पुन्हा सेलचं घड्याळ घेतलं. पण एका गोष्टीवरून आमचं रोज वाजायचं. आप्पा त्या घड्याळाला पाणी लागू देत नसत. आंघोळीला काढून ठेवायचे, हात धुताना काढून ठेवायचे, पाण्याच्या दिवशी तर नळाजवळ फिरकण्याआधी ते कोनाड्यात जायचं. एक हात अजून अधू, पट्टा काढायघालायला आई लागायची, तरी हट्ट तो हट्ट. मी किती वेळा सांगितलं की आप्पा, हे समुद्राच्या तळाशी जाऊ शकतं, तुमच्या तांब्याभर पाण्यानं काय होणार आहे. "असू दे," एवढंच उत्तर. ड्रायव्हर माणूस, वस्तू जपायची सवय, अशी मी आपली समजूत घातली.

यंदाच्या चैत्रात एका सकाळी घड्याळ बंद पडलेलं होतं. हलवून सुरू केलं, दुपारी पुन्हा बंद. आप्पा मूठ उघडमीट करत बसले. आई त्या घड्याळाकडं ज्या नजरेनं बघत होती त्यावरून मला कळलं की हिचं मन परातीकडे धावलंय. पण आता तिचा हात दुखून दुखून निकामी व्हायला आला होता. भाकरी हल्ली मीच थापते, वाकडीतिकडी. हात पुन्हा जातोय का, हा एकच प्रश्न आम्हा तिघांच्या मनात होता, आणि तो विचारायची हिंमत कुणाला नव्हती.

शेवटी ऊन उतरल्यावर आम्ही तिघं रिक्षानं घड्याळवाल्याकडं गेलो. आप्पांनी घड्याळ काचेवर ठेवलं आणि सरळ विचारलं, "घड्याळ बिघडलंय का हात, तेवडं सांगा." घड्याळवाले गोंधळले. त्यांनी ते स्वतःच्या मनगटाला बांधलं, आम्हाला समोरून उसाचा रस पिऊन यायला सांगितलं आणि हात हलवत कामाला लागले. तो रस मी कसा प्यायले ते मला आठवत नाही. आम्ही परत आलो तेव्हा त्यांनी मनगट पुढं केलं. "माझ्या हातावर पण बंदच पडलं की. आतलं तेल वाळलंय. तुमचा हात कशाला बिघडतोय."

आप्पांनी इतका मोठा श्वास सोडला की समोरचे कागद हलले. आई स्टुलावर बसली. मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं.

घड्याळवाल्यांनी एक छोटा ब्रश आणि पाण्याची वाटी काढली. कड्याच्या खाचांत काहीतरी घट्ट बसलंय, आधी ते धुऊन काढतो, मग आत हात घालतो, असं ते म्हणाले. तेवढ्यात आप्पांचा हात पुढं गेला आणि त्यानं घड्याळ झाकलं. डावा हात.

"ते ऱ्हाऊ द्या," आप्पा म्हणाले. "पीठ हाय ते. जवारीचं. आतलं काय करायचं ते करा, वरनं पानी लावू नगा."

आई एकदम रस्त्याकडं वळून बसली आणि डोक्यावरचा पदर उगाच सारखा करत राहिली. मला मात्र दोन वर्षांतली प्रत्येक आंघोळ, प्रत्येक पाण्याचा दिवस, कोनाड्यात जाणारं ते घड्याळ, सगळं एकदम दिसलं.

परतताना आम्ही रिक्षात बसलो. मग आईनं विचारलं की कधीपासून ठाऊक होतं.

"पयल्या दिसापासनं," आप्पा म्हणाले. "जल्मभर गाडी चालवली म्या. चाकाला कुटली माती लागलीया त्यावरनं गाडी कुटनं आली ते कळायचं. हे न्हाय कळनार व्हय?"

मग बोलला का नाही, असं तिनं विचारलं. आप्पा बाहेर बघत होते.

"तुजा हात लई दुकत व्हता. म्हनलं, माजा चालू झाला की तुजा सुटंल."

"साकु," आई म्हणाली. पुरे. तिनं त्यांच्या डाव्या हातावर आपला हात ठेवला आणि घर येईपर्यंत काढला नाही. इतके दिवस मी समजत होते की त्या उन्हाळ्यात आई आप्पांना फसवत होती आणि आप्पा फसत होते. खरं तर दोघंही जागे होते, आणि घरात फसलेली एकटी मीच होते. मला त्याचं वाईट वाटलं नाही. उलट इतकं भरून आलं की रिक्षावाल्याला आमची गल्ली सांगायची राहून गेली.

घड्याळ दुरुस्त होऊन आलं. कड्याच्या खाचांत पीठ तसंच आहे, आता जरा पिवळं पडलंय.

परवा नळाला पाणी आलं. पिंप भरायचं होतं, आणि मी नळाशी बादल्या लावत होते. आप्पांनी आईपुढं मनगट धरलं. तिनं पट्टा सोडला आणि घड्याळ आपल्या पदरात गुंडाळून घेतलं. आप्पा बादलीपाशी येऊन उभे राहिले. मी सरकून त्यांना उजव्या हाताशी जागा करून दिली, तर ते वळसा घालून दुसऱ्या बाजूला आले आणि त्यांनी डावा हात कडीत घातला. अर्धीच भरलेली होती. बोटं वळायला वेळ लागला. मी पुढं होणार तोच आईनं डोळ्यांनी मला थांबवलं.

तिनं तांब्यानं पिंपावर दोनदा वाजवलं. आप्पांनी बादली उचलली.